मुंग्या आल्या की फोन

कोणती मालिका किती लोक बघतात हे मोजायला काही निवडक घरांत मीटर बसवलेले असतात आणि त्या आकड्यांवर मुंबईतल्या माणसांच्या नोकऱ्या टिकतात किंवा जातात. शिरूरला आमच्याकडं मीटर नव्हता, लँडलाइन होती. उसानं वरपर्यंत भरलेल्या एखाद्या ट्रकनं रस्त्यावरची वायर ओढून नेली की टीव्हीवर मुंग्या यायच्या आणि आमच्या केबलच्या कंट्रोल रूममधला फोन वाजायला लागायचा. दुपारी तीनला लाइन गेली तर एखादाच फोन, तोही कुणी आजारी माणूस पडून असेल त्या घरातून. सचिन खेळत असताना गेली तर थेट माणसंच दारात. पण संध्याकाळी सातनंतर गेली की रिसीव्हर खाली ठेवायची सोय नसायची आणि पलीकडं बहुतेक बाईमाणूस असायचं. “दादा, आमचंच गेलंय का सगळ्यांचं?” हा पहिला प्रश्न. सगळ्यांचं गेलंय म्हटलं की आवाज जरा निवळायचा.

आयटीआयचा वायरमनचा कोर्स करून मी केबलच्या धंद्यात शिरलो तेव्हा झी टीव्ही नुकता सुरू झाला होता, म्हणजे १९९२ नंतरची गोष्ट. खांबावर चढायचं, वायर ताणायची, ॲम्प्लिफायर बसवायचा आणि पाच तारखेपासून घरोघरी बिल मागत फिरायचं. पुढं मालकांनी दौंडकडचं जाळं घेतलं तेव्हा मी न्हावरा-चौफुला रस्त्यानं दोन्हीकडं फिरू लागलो. एकीकडं घोड नदी, दुसरीकडं भीमा. बिल देताना माणूस गप्प बसत नाही. पैसे हातातून सुटायला वेळ लागतो आणि त्या वेळात तो मत सांगतो. जणू मालिका मीच लिहितो आणि सिनेमात कुणाला मारायचं हे मीच ठरवतो, अशा सुरात सांगतो. इतकी वर्षं ती मतं ऐकून माझी एक खात्री झाली आहे. गोष्ट कितीही अशक्य असू दे, लोक ती पोटात घालतात. पण स्वतः ज्या कामात हात घातलाय त्या कामाचं खोटं दाखवलेलं कुणी खपवून घेत नाही.

सुरुवातीच्या काळात रात्री साडेनऊला आम्ही कंट्रोल रूममधूनच सिनेमा लावायचो. व्हीसीआर, त्याला जोडलेला मॉड्युलेटर आणि भाड्यानं आणलेली कॅसेट. परवानगीबिरवानगी तेव्हा कुणी विचारत नव्हतं. पुरुषांची फर्माईश दादा कोंडक्यांची. पंचमीच्या आसपास मात्र ‘माहेरची साडी’ लावायचीच. १९९१चा तो सिनेमा अलका कुबल यांच्यासाठी बायकांनी किती वेळा बघितला असेल याचा हिशेब नाही. शहाण्या माणसांनी त्याची भरपूर टिंगल केली. मला तो सिनेमा म्हणून फार बरा वाटतो असं नाही, प्रत्येक प्रसंगात डोळ्यांत बोट घालून रडवतो. पण बाजारपेठेमागच्या एका गल्लीतल्या मावशी मला म्हणाल्या होत्या, “एरवी रडलं तर घरात चार जण विचारत्यात काय झालं म्हणून. पिच्चर लागला की कुणी विचारत न्हाई.” त्यानंतर मी त्या सिनेमाची टिंगल करणं सोडलं.

दौंडला गेल्यावर मतांची जातच बदलली. दौंड रेल्वेचं गाव. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांच्या गाड्या इथं येतात, आणि ज्या घरात रेल्वेची नोकरी नाही त्या घरात रेल्वेवाला भाडेकरू तरी असतो. ड्युट्या अवेळी. त्यामुळं सकाळी दहाला झोपलेला आणि पहाटे चारला टीव्ही बघणारा माणूस मी पहिल्यांदा तिथं पाहिला. लाइन गेल्याचा पहाटेचा फोनही तिथलाच.

तिथल्या एका निवृत्त गार्डसाहेबांकडं मी चहासाठी मुद्दाम थांबत असे. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं असा आदेश २०२२ साली निघाला, पण त्यांनी तो स्वतःपुरता मानला नाही. त्यांच्यासमोर ‘द बर्निंग ट्रेन’ लागला की सिनेमा बघणं बंद आणि तास सुरू. गाडीचे ब्रेक निकामी होतात आणि गाडी सुसाट सुटते, हे त्यांना मुळातच मान्य नव्हतं. “अरे, नळी तुटली की ब्रेक सुटत नाहीत, लागतात. पोकळी गेली की ब्रेक लागायचाच. बनवणाऱ्यानं तो तसाच बनवलाय, काहीही बिघडलं तर गाडी थांबावी म्हणून.” पुढं प्रेशरचे ब्रेक आले, त्यातही तत्त्व तेच, प्रेशर गेलं की गाडी थांबते. मग १९८०च्या त्या सिनेमातले धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र सगळे त्यांच्या लेखी फुकटचे धावपळ करणारे. ‘दिलवाले दुल्हनिया’चा शेवट तर त्यांच्या आवडीचा विषय. तो आपट्याच्या स्टेशनवर घेतलाय, रायगड जिल्ह्यात, हे ते आधी सांगायचे. मग म्हणायचे, “एवढी पोरगी फलाटावरनं पळतीय, डब्यात माणसं आहेत, एकालाही साखळी ओढायचं सुचलं नाही? आणि मागं गार्ड काय झोपलावता? त्याच्या हातात ब्रेक असतो.” काकू आतून ओरडायच्या, “थांबली असती गाडी तर पिच्चर कसा संपला असता?” यावर साहेबांकडं उत्तर नसे, पण मत बदलत नसे.

‘शोले’ मात्र त्यांनी पास केला होता. दरोडेखोर घोड्यांवरून मालगाडीचा पाठलाग करतात तो पनवेल-उरण मार्गावरचा प्रसंग. त्यात कोळसा टाकणारा हात, वाफ, इंजिनाचा आवाज, सगळं कसं बरोबर आहे हे ते बारकाईनं सांगत. गब्बरबद्दल एक शब्द नाही.

दौंडलाच राज्य राखीव पोलीस दलाची केंद्रं आहेत. तिथले जवान वर्षातला बराच काळ कुठं ना कुठं बंदोबस्ताला. गणपतीत मुंबई, आषाढीत पंढरपूर, निवडणुकीत कुठंही. ‘सिंघम’ २०११ साली आला तेव्हा त्यांच्या पोरांनी अजय देवगणसारख्या मिशा वळवल्या. जवानांचं मत वेगळं. एकजण बिलाचे पैसे मोजता मोजता म्हणाला, “ते सगळं ठाण्यातल्या पोलिसांचं. आमच्यावर पिच्चर निघणार नाही. आम्ही नुसते उभे असतो.” शाळेच्या वर्गात बेंच बाजूला सारून वळकटी टाकायची, सकाळी हेल्मेट घालून उभं राहायचं, दगड येईपर्यंत उभं राहायचं, आला तरी हुकूम होईपर्यंत उभंच. मला वाटतं यावर चांगला सिनेमा निघेल. पण पैसे कोण घालणार?

चौफुल्याला कलाकेंद्रं आहेत. सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्याला पाट्या दिसतात, आत काय चालतं याबद्दल न गेलेल्या माणसांचीच मतं जास्त. आम्ही तिथं कनेक्शन दिली होती, कलावंत राहतात त्या खोल्यांमध्ये. दुपारची वेळ त्यांची मोकळी, रात्रीच्या बैठकीआधीची. १ जानेवारी २०१० ला ‘नटरंग’ आला, अतुल कुलकर्णींनी त्यासाठी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग उतरवलं याचं गावभर कौतुक झालं. पुढं तो टीव्हीवर लागला तेव्हा मी एका ढोलकीवाल्याजवळ बसून त्यातला थोडा बघितला. मी गाण्यांवर खूश. तो म्हणाला, “हात दाखवत न्हाईत.” मला कळेना. त्यानं सांगितलं, तोडा येतो तिथं कॅमेरा बाईच्या कमरेवर जातो. वाजवणाऱ्याचे हात आणि नाचणारीचे पाय एका चौकटीत दिसले पाहिजेत, कारण खेळ त्या दोघांतला आहे, एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं झेलायचं. तेव्हापासून कुठल्याही सिनेमात लावणी लागली की मी हात शोधतो. ‘पिंजरा’ पुन्हा बघताना शोधले, ‘चंद्रमुखी’त शोधले. त्याच खोलीतल्या एका वयस्कर बाईंचं म्हणणं आणखी निराळं. सिनेमात सगळ्या लावण्या उभ्यानं आणि पळत, बसून अदा करायची लावणी कुणी दाखवत नाही, कारण तिला थांबून बघावं लागतं आणि सिनेमावाल्याला थांबायला वेळ नाही. कुठल्याही समीक्षकाकडून मी याहून नेमकं काही ऐकलेलं नाही.

मेंढपाळाचं मतही असंच ऐकलं. रानातला वाडा, मोबाइल सोलरवर चार्ज केलेला, आणि मोबाइलवर ‘ख्वाडा’. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून काढलेला हा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५च्या ऑक्टोबरात थिएटरला लागला. भटकंती संपवून एका जागी स्थिर होऊ बघणाऱ्या धनगर कुटुंबाची ती गोष्ट. मी खांबावरून उतरून पाणी मागायला गेलो होतो. कसा वाटला म्हणून विचारलं तर म्हातारबा म्हणाले, “मेंढरं खरी हायत. भाड्याची असती तर माणसाला बुजली असती.” झालं, परीक्षण संपलं. माझं स्वतःचं मत सांगायचं तर ‘सैराट’पेक्षा मला ‘ख्वाडा’ वर वाटतो, आणि हे मत मी शिरूरच्या स्टँडवर कधी मोठ्यानं मांडत नाही.

‘सैराट’बद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१६च्या उन्हाळ्यात त्यानं जो धुमाकूळ घातला, शंभर कोटींच्या वर जाणारा पहिला मराठी सिनेमा ठरला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, याचं आमच्याकडं अप्रूप नव्हतं. ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुली आहेत. अप्रूप होतं ते तिच्या बोलण्याचं. पुढं तो टीव्हीवर वारंवार लागू लागला तेव्हा मला एक सवय दिसली. बऱ्याच घरांत तो हैदराबादपर्यंत बघतात, बाळ होतं, संसाराचं जुळतं, आणि तिथं टीव्ही बंद. न्हावऱ्याजवळच्या वस्तीवरच्या आक्का सरळ म्हणाल्या, “पुढचं मला माहितीय. पुढचं मी पेपरात वाचते.” नागराज मंजुळेंनी शेवट बिनआवाजाचा ठेवला त्यावर पुण्यात चर्चासत्रं झाली. इथं लोक तो शेवट बघतच नाहीत, आणि न बघण्याचं कारण त्यांना तो पटला नाही हे नव्हे.

‘मुळशी पॅटर्न’चं उलट झालं. २०१८च्या नोव्हेंबरात आलेला प्रवीण तरडे यांचा हा सिनेमा जमीन विकून रस्त्यावर आलेल्या पाटलाची आणि गुन्हेगार झालेल्या पोराची गोष्ट सांगतो. गाव मुळशीचं, पण सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, रांजणगाव या सगळ्या पट्ट्यात तो घरचा वाटला. रांजणगावला एमआयडीसी आली, जमिनी गेल्या, पैसे आले, गाड्या आल्या, मग गुंठ्यांचे व्यवहार. एका बंगल्यात, बंगला म्हणजे खरोखर बंगला, मुलं तो सिनेमा पुन्हा पुन्हा लावायची आणि त्यातले डॉन बघून खूश व्हायची. बापानं एक दिवस मला बाजूला घेऊन विचारलं, “ते चॅनलच बंद करता येईल का?” सिनेमा बापाला कळला होता, मुलांना आवडला होता. दिग्दर्शकाचा यात किती दोष, मला ठरवता येत नाही. थोडा आहे असं वाटतं. बंदूक इतकी देखणी दाखवल्यावर माणूस तिच्याकडंच बघणार.

रांजणगावचीच आणखी एक मजा. तिथल्या एलजीच्या कारखान्यात टीव्ही तयार होतात. लाइनवर काम करणारा एक मुलगा आमच्याकडं भाड्यानं राहायचा. त्याला सिनेमा कसा वाटला विचारलं तर तो सांगायचा, काळा रंग नीट काळा दिसत नाही, कोपऱ्यातून उजेड गळतोय. गोष्ट त्याच्या डोळ्यांत शिरतच नसे. दिवसभर पडदे तपासून आलेल्या माणसाकडून आणखी कसली अपेक्षा करणार?

आता मालिका. ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली आणि तीन हजारांवर भाग चालली. या काळात कित्येक घरांत सून आली, तिची पोरं शाळेत गेली, मालिका चालूच. मधल्या काही वर्षांत भारनियमनानं संध्याकाळ खाल्ली तेव्हा बायकांनी दुपारच्या पुनःप्रक्षेपणाभोवती कामं लावून घेतली. रानातली खुरपणी आटोपून एक वाजता घरी. दौंड स्टेशनजवळ खानावळ चालवणाऱ्या ताई मालिका बघता बघता चपात्या लाटायच्या. त्यांची तक्रार मी कधी विसरणार नाही: “एवढी पंधरा माणसं घरात, आणि बाईचे हात कधी ओले दिसत नाहीत.” खरंच बघा. मालिकेतल्या स्वयंपाकघरात कुणी पदराला हात पुसत नाही. कट होतो, खलबतं होतात, दुधात औषध मिसळलं जातं, पण भांडी कोण घासतं? ताई मालिका मात्र सोडत नव्हत्या. एक डोळा पोळपाटावर आणि एक टीव्हीवर ठेवून त्या रोज शिव्या घालत बघायच्या. यात मला विरोध दिसत नाही. शेजारणीला नावं ठेवणारी बाई शेजारणीकडं जायचं थोडंच सोडते?

‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली आली, तिच्यावर कोकणातून आक्षेप आले की आमच्या गावांची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते. आमच्याकडं वेगळाच पेच. शेतीपंपाची वीज रात्रीची, म्हणजे पुरुष दारं धरायला उसात आणि बाई घरी एकटी, आणि टीव्हीवर हे. वस्तीवरच्या आक्कांना म्हटलं, भीती वाटत नाही का? त्या म्हणाल्या, “भुताची कसली? भूत टीव्हीतच ऱ्हातंय. बिबट्या गोठ्यापर्यंत येतो.” शिरूर तालुक्यातल्या उसात बिबट्याचा वावर काय आहे हे ज्याला माहीत आहे त्याला या मताचं वजन कळेल.

पण सगळ्यात गमतीचे महिने २०१९चे. १ फेब्रुवारीपासून दूरसंचार नियामकाचा, म्हणजे ट्रायचा, नवा नियम लागू झाला. शंभर चॅनलचे मूळ १३० रुपये, कर धरून १५३, आणि त्यावर जे पैशाचं चॅनल हवं ते निवडायचं, प्रत्येकाचा दर वेगळा. फॉर्म घेऊन आम्ही दारोदार. तोपर्यंत मत सांगायला पैसे पडत नव्हते, आता पडायला लागले. आयुष्यभर ‘मालिकांनी बाया बिघडल्या’ म्हणणारे एक अण्णा फॉर्मवर अंगठ्याजवळची जागा दाखवत हळूच म्हणाले, “ते साडेआठचं लागतं ते राहू दे.” एका मास्तरांनी इंग्रजी बातम्यांची तीन चॅनल घेतली आणि पुढच्या महिन्यात गुपचूप काढली. एका घरात नवऱ्यानं एकट्यानंच फॉर्म भरला: क्रिकेट, हिंदी सिनेमा, बातम्या. पहिल्याच संध्याकाळी घरात काय झालं ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी आमचं शटर उघडायच्या आधी तो बाहेर उभा होता, झी मराठी लावून द्या म्हणून.

आणि त्याच महिन्यांत लोकसभेची निवडणूक. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ २०१७च्या सप्टेंबरापासून रात्री नऊला चालू होती, त्यातले संभाजीराजे म्हणजे डॉ. अमोल कोल्हे, नारायणगावचे, आणि आता ते शिरूर मतदारसंघातून राष्ट्रवादीचे उमेदवार. समोर शिवाजीराव आढळराव पाटील, तीन वेळा निवडून आलेले. शिरूर तालुका या मतदारसंघात, दौंड तालुका बारामतीत. म्हणजे मी सकाळी ज्या गावात बिल मागायचो तिथं राजे उमेदवार, आणि दुपारी नदी ओलांडली की तेच राजे नुसते नऊ वाजताचे. कोल्हे सुमारे ५८ हजारांनी निवडून आले. लोकांनी मालिकेला मत दिलं असं टीव्हीवरच्या चर्चांत म्हणू लागले तेव्हा मला हसू आलं. ज्या घरांत मी फॉर्म भरून घेत होतो तिथं कांद्याचा भाव, बैलगाडा शर्यतीवरची बंदी, चाकण आणि नगर रस्त्यावरची कोंडी, सोसायटीतली भांडणं, भावकी, सगळं बोललं जात होतं. मालिका बघून रडणाऱ्या एका मावशींनी मला स्पष्ट सांगितलं की मत त्या दुसऱ्याला देणार. का? “राजांचं काम चांगलं करत्यात. पण आमचा हिशेब निराळा हाय.” आणि मालिका एकदाही न बघितलेल्या त्यांच्या दिराचं मत कोल्हेंना. मालिकेनं काय केलं? उमेदवाराची ओळख करून द्यायचा खर्च वाचवला. त्यापुढचं काम गावानं आपल्या रीतीनं केलं. २०२४ला ते पुन्हा निवडून आले, त्याहून मोठ्या फरकानं, आणि तेव्हा ती मालिका बंद होऊन चार वर्षं झाली होती.

त्या मालिकेचा शेवट आमच्याकडं कसा बघितला गेला हे सांगायला हवं. संभाजी महाराजांची समाधी शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुकला. फाल्गुन अमावस्येला तिथं लोक जमतात. त्यामुळं शेवट काय आहे हे मालिका सुरू व्हायच्या आधीपासून शेंबड्या पोरालाही माहीत. तरी २०२०च्या फेब्रुवारीत, संगमेश्वरची कैद जवळ आली तेव्हा काही घरांत चमत्कारिक गोष्ट दिसली. टीव्ही चालू, आवाज चालू, आणि म्हातारा माणूस ओट्यावर पाठ करून बसलेला. बंद करू का विचारलं तर नको म्हणायचा. बंद करणं त्याला अपमान वाटत होता आणि बघणं झेपत नव्हतं.

मग २०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ आला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा, लक्ष्मण उतेकरांचा, विकी कौशलचा. सगळं गाव थिएटरला. आल्यावर दोन तट पडले. पोरं म्हणाली, मालिकेत नुसतं बोलतात, युद्ध बघावं तर सिनेमात. मोठी माणसं म्हणाली, सिनेमात राजे गर्जना करतात, पण अण्णाजी दत्तो असे का वागले, सोयराबाईंच्या मनात काय होतं, हे मालिकेनं महिनोन् महिने उलगडून दाखवलं, ते इथं कुठं? आपले राजे हिंदीत बोलतात हे काहींना शेवटपर्यंत पचलं नाही. आणि लेझीम! ट्रेलरमधला लेझमीचा प्रसंग वादानंतर काढून टाकला. माझ्या ओळखीच्या एका घरात बाप म्हणाला बरं केलं, राजा असा नाचत नसतो. मुलगा शाळेच्या लेझीम पथकातला, तो म्हणाला, “म्हणजे आम्ही खेळतो ते हलकं काय?” बापाला उत्तर सुचलं नाही. मला दोघांचंही पटलं, आणि त्यातही मुलाचं थोडं जास्त. बाकी माझं मत विचाराल तर मी मालिकेच्या बाजूचा. शेवटच्या छळाचा इतका लांबलचक प्रसंग डोळ्यांसमोर मांडला की राग येतो, आणि राग आला की माणूस विचार करायचा थांबतो. ओट्यावर पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्याला जे कळलं होतं ते त्या सिनेमाला कळलं नाही.

आणखी एक मालिका २०१९ साली सुरू झाली, स्टार प्रवाहवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरची. कोरेगाव भीमाच्या पट्ट्यातल्या वस्त्यांमधून त्या वेळेला लाइन गेल्याचा फोन आला तर आम्ही जेवणाच्या ताटावरून उठायचो. एका घरात निवृत्त लेखनिक होते, ते खैरमोड्यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड शेजारी ठेवूनच टीव्हीसमोर बसायचे. प्रसंग आला की पान उघडून ताडून बघायचे. महाडचा सत्याग्रह, २० मार्च १९२७. तारीख बरोबर आली की मान हलायची, कुठं नाट्य वाढवलं असेल तर पेन्सिलीनं वहीत नोंद. घरातली पोरं वैतागायची. ते म्हणायचे, “आयुष्यभर फायली तपासल्या. ही तर आपली फाइल आहे.”

आता फायबरची वायर ओढतो. सेट टॉप बॉक्स परत येतात, टेबलाखाली ढीग पडलाय. घरात चार माणसं, चार मोबाइल, चार निरनिराळे सिनेमे, आणि बिल ऑनलाइन. दारात उभं राहून मत ऐकायचा प्रसंग कमी झाला. गार्डसाहेबांनी मात्र मध्यंतरी मला मुद्दाम बोलावून घेतलं. टीव्हीला इंटरनेट जोडायचं होतं, फक्त ‘द रेल्वे मेन’ बघायला. भोपाळच्या गॅसच्या रात्रीवरची ती मालिका, २०२३ साली आलेली, चारच भाग. मी जोडून दिलं आणि बसलो. साहेब सुरुवातीला नेहमीप्रमाणं चुका काढत होते, सिग्नल असा नसतो, टोपी अशी नसते. मग स्टेशनवरचा अधिकारी वरून हुकूम नसताना गाडी सोडायचं ठरवतो तिथं त्यांनी बोलणं थांबवलं. खऱ्या घटनेतही गुलाम दस्तगीर नावाच्या अधिकाऱ्यानं भोपाळला उभी असलेली एक्स्प्रेस वेळेआधी रवाना केली होती. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं, गाडीच तर सोडली. साहेबांनी रिमोट घेऊन चित्र थांबवलं. “तुला कळणार नाही,” ते म्हणाले. “कंट्रोलला न विचारता आणि वेळेच्या आधी. नोकरी गेलीच समज. आमच्यातल्या कुणाचा हात दिव्याकडं गेला असता का, सांगता येत नाही.” मग काकूंना हाक मारली आणि तो प्रसंग पहिल्यापासून लावला. त्यातही एक गोष्ट चुकीची होतीच. दिव्याचा रंग बरोबर होता, पण दाखवणाऱ्यानं तो धरला होता चुकीच्या हातात.